बोली लावा, गाडी अडवू नका

शेतकऱ्याने आपला माल कुणाला, कुठे आणि काय भावाने विकायचा हे सरकारने ठरवू नये. २०२० साली केंद्राने तीन कृषी कायदे आणले तेव्हा हे वाक्य मराठी अग्रलेखांतून, वाहिन्यांवरच्या चर्चांतून आणि व्याख्यानमालांतून इतक्या वेळा कानावर आले की ते पाठच झाले. कायदे पुढच्या वर्षी मागे घेतले गेले, पण म्हणून वाक्य खोटे ठरत नाही. ते खरेच आहे. तक्रार वाक्याबद्दल नाही, ते म्हणणाऱ्यांबद्दल आहे. ही मंडळी ते वाक्य घेऊन शेतकऱ्याच्या गोठ्याच्या दारापर्यंत येतात आणि तिथे थबकतात. कांद्यावर निर्यातबंदी आली की ते बोलतात, कापसावर बोलतात, साखरेवर तर फारच बोलतात. बैल समोर आला की गप्प.

त्या तीनपैकी व्यापाराच्या कायद्यात ‘शेतमाल’ कशाला म्हणायचे याची लांबलचक व्याख्या होती. त्यात धान्य, डाळी, तेलबिया, फळे, भाज्या, ऊस होता. कोंबडी, डुक्कर, शेळी, मासे आणि दूध यांची उत्पादने होती. कापूस होता, ताग होता. जनावरांचा चारा आणि पेंडसुद्धा होती. जनावरे नव्हती. म्हणजे बैलापुढे टाकायची पेंड देशभर कुठेही, कुणालाही विकायला शेतकरी मोकळा होणार होता. ती पेंड खाणारा बैल मात्र त्या मोकळीकीत नव्हता. आपल्याकडच्या एकाही मुक्त अर्थव्यवस्थावाल्याने त्या वेळी या गाळलेल्या जागेकडे बोट दाखवल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

बैलाचे काय झाले ते आधी नीट मांडू. महाराष्ट्रात १९७६ चा प्राणी संरक्षण कायदा होता. त्यात गायीची आणि वासरांची कत्तल बंद होती. बैल आणि वळू यांना मात्र दाखल्याची सोय होती. जनावर ओढकामाच्या, शेतीच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाचे राहिलेले नाही असा दाखला मिळाला की ते कत्तलीसाठी विकता येई. १९९५ मध्ये युती सरकारने दुरुस्ती विधेयक मंजूर करून ही सोय काढून टाकली. ते विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीत जवळजवळ वीस वर्षे पडून राहिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये संमती मिळाली आणि मार्चपासून कायदा लागू झाला. सगळी चर्चा ताटात काय आहे यावर झाली. वाहिन्यांनी मुंबईतल्या हॉटेलांचे मेन्यूकार्ड दाखवले. कायद्याच्या ज्या कलमाने शेतकऱ्याचे कंबरडे मोडले ते कलम ५ब कुणी वाचून दाखवले नाही. गाय, बैल किंवा वळू कत्तलीसाठी जाणार आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला जागा असताना, तो विकणे, विकत घेणे किंवा विकायला काढणे हाच गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. कापणाऱ्याला जी शिक्षा तीच नेणाऱ्याला आणि तीच विकणाऱ्याला.

आता मालकी म्हणजे काय ते बघा. एखादी वस्तू माझी आहे याचा अर्थ ती मला वापरता येते, दुसऱ्याला वापरू न देता येते आणि नको झाली की विकता येते. यातली तिसरी गोष्ट काढून घेतली की उरते ती मालकी नाही, राखणदारी. जमीन संपादन करताना सरकारला निदान मोबदला द्यावा लागतो, तो कमी की जास्त यावर कोर्टात भांडता येते. २०१५ मध्ये या राज्यातल्या प्रत्येक गोठ्यातल्या प्रत्येक बैलाची अखेरची किंमत एका फटक्यात काढून घेतली गेली आणि त्याबद्दल एका पैचाही मोबदला नाही. सातबारा तसाच राहिला, दावणीचा बैलही तसाच राहिला, फक्त त्याच्यातले पैसे गेले.

ज्यांना गोठा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा हिशोब. शेतकरी बैलजोडी सांभाळतो ती आठ-दहा वर्षे कामाला येते. जोडी थकायला लागली की तो ती बाजारात नेतो, आलेल्या पैशात आणखी भर घालतो आणि नवे खोंड आणतो. जुन्या जोडीची किंमत हे नव्या जोडीचे भांडवल. गायीचेही तसेच. जर्सी किंवा होल्स्टीन संकरित गायीला गोऱ्हा झाला तर तो औताला फारसा कामाचा नाही. गाय भाकड झाली तर ती दूध देत नाही, पण खाते मात्र दुभत्या गायीइतके नसले तरी रोजच. हे जनावर विकले जात होते तोवर दुधाचा धंदा कसाबसा जमत होता. विक्री थांबली की ते जनावर संपत्तीच्या रकान्यातून उठून कर्जाच्या रकान्यात जाते. रोज खाणारे कर्ज.

हे कर्ज किती, ते सरकारनेच सांगून ठेवले आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्याने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केले आणि त्याच दिवशी गोशाळांतल्या देशी गायींसाठी प्रत्येकी दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केले. वर्षाचे झाले १८ हजार २५०. पाच वर्षे जनावर जगले तर ९१ हजारांच्या वर. म्हणजे निरुपयोगी जनावर पोसायला किमान एवढा खर्च येतो हे सरकारला मान्य आहे. फक्त तो खर्च गोशाळेच्या दारात झाला तर अनुदान, आणि शेतकऱ्याच्या गोठ्यात झाला तर ते त्याचे नशीब. बाजारात ज्या जनावराला गिऱ्हाईक होते, पैसे मोजून न्यायला माणूस तयार होता, त्याचा बाजार कायद्याने मारायचा आणि मग करदात्याच्या पैशातून त्याला खाऊ घालायचे. ‘किमान सरकार’ची घोषणा देऊन सत्तेवर आलेल्यांची ही करामत आहे. एरवी खतांच्या किंवा विजेच्या अनुदानावर तुटून पडणारे अर्थतज्ज्ञ या ५० रुपयांपाशी आले की त्यांना चष्मा सापडत नाही.

बंदीने गोवंश वाचतो का? २०१२ ची पशुगणना आणि २०१९ ची पशुगणना शेजारी ठेवून पाहा. देशातले नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत दोन कोटींहून अधिक बैल, खोंड, गोऱ्हे कमी. ट्रॅक्टर हे त्याचे मोठे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण राज्यवार आकडे बघितले की ट्रॅक्टरवर सगळे ढकलता येत नाही. महाराष्ट्रातला एकूण गोवंश सुमारे १० टक्क्यांनी घटला. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि गुजरात या कडक बंदीच्या राज्यांतही घटला. पश्चिम बंगालमध्ये दाखल्यावर कत्तल चालते, तिथे तो सुमारे १५ टक्क्यांनी वाढला आणि ते राज्य गोवंशाच्या संख्येत देशात पहिले आले. झारखंडात बंदी असूनही संख्या वाढली आहे, तेव्हा एका रकान्यावरून सगळे सिद्ध झाले असे कुणी म्हणू नये. तरी गोठ्यातला माणूस काय करतो याचा अंदाज यावरून येतो. ज्या जनावराला शेवटी किंमत नाही ते जनावर तो पाळत नाही. म्हशीकडे वळतो. म्हशीचा रेडा दाखल्यावर विकता येतो. म्हशीच्या मांसाची निर्यात हा देशाचा अब्जावधी डॉलरचा अधिकृत धंदा आहे, केंद्र सरकारची निर्यात संस्था त्याला प्रोत्साहन देते, आणि तिथे बाजार मोकळा ठेवायला कुणाच्या भावना आड येत नाहीत.

भावनेचा मुद्दा मी टाळणार नाही. शेजाऱ्याची श्रद्धा ही खरी गोष्ट आहे आणि तिची टर उडवणे हा आमच्या चळवळीचा धंदा नव्हे. पोळ्याला सर्जा-राजाची शिंगे रंगवणारा शेतकरी त्यांना पुरणपोळी देतो तेव्हा ते नाटक नसते. पण तोच शेतकरी दहा वर्षांनी त्यांना बाजारात नेतो, आणि डोळ्यांत पाणी घेऊन नेतो, हेही नाटक नसते. त्याच्या डोळ्यांतले पाणी आणि त्याच्या हातातली पावती यांचा मेळ कसा घालायचा तो त्याचा प्रश्न आहे. सरकारचा नाही, आणि हायवेवर टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या पोरांचा तर नाहीच नाही.

श्रद्धेला बाजारात पूर्ण जागा आहे. पांजरपोळ ही संस्था काही २०१५ मध्ये जन्माला आली नाही. जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी शेकडो वर्षे स्वतःच्या खिशातून पैसा घालून म्हातारी जनावरे सांभाळली, खाटकाच्या हातून पैसे देऊन सोडवून आणली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी आपल्या श्रद्धेचे बिल स्वतः भरले. आजच्या गोरक्षकालाही ते दार उघडे आहे. आठवडी बाजार भरतो, त्याला तारीख-वार आहे. यावे, जनावर बघावे, हेड्याबरोबर रुमालाखाली हात घालून सौदा करावा किंवा उघड बोली लावावी. खाटकापेक्षा पाचशे रुपये जास्त दिले तर शेतकरी हसत दोर हातात देईल, कारण दोन्ही बाजूंनी त्याचे समाधान झालेले असेल. राज्यातल्या एकाही कुरेशीने अशा बोलीला हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. पण बोली लावायला पैसे लागतात, गाडी अडवायला फक्त माणसे लागतात.

गाडी अडवल्यावर काय होते ते कायद्याच्या भाषेत बघू, कारण मारहाणीच्या बातम्या सगळे वाचतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. २०१५ च्या कायद्याने गाडी थांबवण्याचा आणि झडती घेण्याचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला, किंवा सरकारने तसे अधिकार दिलेल्या व्यक्तीला दिला आहे. गळ्यात उपरणे घातलेल्या कुणालाही दिलेला नाही. प्रत्यक्षात गाडी आधी ते अडवतात, पोलीस मागाहून येतात आणि गुन्हा गाडीवाल्यावर दाखल होतो. जनावरे गोशाळेत जातात. २०१७ मध्ये केंद्राने नियम केले की जप्त जनावरे खटला चालू असताना गोशाळेच्या किंवा पांजरपोळाच्या ताब्यात ठेवता येतील, आणि त्यांच्या चाऱ्याचा खर्च मालकाकडून वसूल करता येईल. खटला दोन वर्षे चालला आणि मालक निर्दोष सुटला तर? तोवर चाऱ्याचे बिल जनावराच्या किमतीच्या पुढे गेलेले असते. हे नियम सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने केंद्राला सुनावले की मूळ कायद्यात जनावर काढून घेण्याची तरतूद दोष सिद्ध झाल्यानंतरची आहे, नियम त्याच्या विरोधात जातात, ही जनावरे लोकांच्या पोटापाण्याचे साधन आहेत, तेव्हा नियम बदला नाहीतर आम्ही स्थगिती देऊ. बोबडे नागपूरचे. त्या दिवशीच्या या शब्दांवर खासगी मालमत्तेच्या एखाद्या कैवाऱ्याने लेख लिहायला हरकत नव्हती.

खटल्याआधी मालमत्ता काढून घेणे, मालकाकडूनच भाडे वसूल करणे आणि ताबा तिसऱ्याच खासगी संस्थेला देणे, हे जर एखाद्या कारखानदाराच्या गोदामाबाबत झाले असते तर गुंतवणुकीच्या वातावरणावर केवढा गहजब झाला असता! इथे गोदाम नाही, टेम्पो आहे. टेम्पोच्या मालकाचे नाव बहुतेक वेळा कुरेशी, शेख किंवा बागवान असते. आणि आतली जनावरे ज्याने विकली त्याचे नाव पाटील, जाधव, राठोड असते हे कुणाला आठवत नाही.

२०२५ मध्ये ते सगळ्यांना आठवले. त्या वर्षी बकरी ईदच्या तोंडावर राज्याच्या गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पत्र काढले की ३ ते ८ जून या काळात जनावरांचे बाजार भरवू नका. जनावरांचा बाजार म्हणजे त्यात शेळ्या-मेंढ्याही आल्या, ज्यांच्यावर कसलीच बंदी नाही, आणि वर्षातले शेळीपालकांचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक त्याच आठवड्यात येते. ओरड झाली, पत्र मागे घ्यावे लागले. त्यानंतरच्या आठवड्यांत राज्यभरच्या कुरेशी समाजाने ठरवले की पुरे झाले. म्हशी-रेड्यांसह जनावरांची खरेदी, वाहतूक, कत्तल सगळे बंद. मोर्चा नाही, दगड नाही. विकत घेणाऱ्याने फक्त विकत घेणे थांबवले.

बाजार ओस पडले. भाकड जनावरे घेऊन आलेले शेतकरी ती परत घरी नेऊ लागले, आणि दोनेक महिन्यांत शेतकरी नेते कुरेशींच्या बाजूने बोलू लागले. सदाभाऊ खोत सत्ताधारी आघाडीचे आमदार, तेही गोरक्षकांच्या विरोधात उघड उभे राहिले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी कुरेशी प्रतिनिधींची बैठक घेतली, आणि खासगी व्यक्तींना गाड्या तपासण्याचा अधिकार नाही हे पोलिसांना लेखी बजावले गेले. आधीपासून कायद्यात असलेली गोष्ट सांगायला एवढा संप लागला, हे खरे. पण दहा वर्षांच्या निवेदनांनी जे झाले नाही ते एका संपाने केले ते कशामुळे, याचा विचार आपल्या समाजाने शांतपणे करायला हवा. गोठ्यातला हिंदू शेतकरी आणि गावातला कुरेशी यांच्यात प्रेम किती आहे ते मला ठाऊक नाही. व्यवहार आहे. एकाचा माल, दुसऱ्याचे पैसे. तो व्यवहार थांबला तेव्हा दोघांनाही दिसले की आपण एकाच दाव्याला बांधलेले आहोत.

आपल्या पुढाऱ्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे दोनच दारांतून नेला. एक मजहबचे आणि दुसरे खाण्याच्या आवडीनिवडीचे. १९५८ चा हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार सरकार हा निकाल काढून वाचावा. त्यात अर्जदारांनी बकरी ईदच्या कुर्बानीचा हवाला देऊन धर्मस्वातंत्र्य मागितले होते. पाच न्यायाधीशांनी तो मुद्दा फेटाळला. गायच कापली पाहिजे असे काही फर्ज नाही, शेळी-मेंढीचा पर्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि खरे सांगायचे तर फिकहच्या दृष्टीने त्यांचे चुकलेही नव्हते. पण त्याच निकालात धंद्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा अर्धा जिंकला. गाय आणि वासरे यांच्या कत्तलीवरची बंदी टिकली, पण कामाच्या किंवा दुधाच्या उपयोगाच्या न राहिलेल्या बैल-म्हशींवरची सरसकट बंदी अवाजवी ठरली. मजहबच्या दाराने काही मिळाले नाही, बाजाराच्या दाराने मिळाले. आणि ते सत्तेचाळीस वर्षे टिकले.

२००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने गुजरातच्या प्रकरणात सहा विरुद्ध एक अशा मताने ते फिरवले. कारण काय दिले? म्हातारा बैलसुद्धा निरुपयोगी नसतो, तो शेण देतो, गोमूत्र देतो. त्या निकालात शेणाची तुलना थेट कोहिनूर हिऱ्याशी झालेली आहे. मला न्यायालयाचा अवमान करायचा नाही, पण ज्याच्या घरात कोहिनूर पडतो तो माणूस त्या खाणीला दोर लावून आठवडी बाजारात का नेतो, हा प्रश्न तरी विचारायला हवा होता. याला नियोजनाची अर्थव्यवस्था म्हणतात. शेणाची किंमत ते उचलणाऱ्याला कळत नाही, ती गांधीनगरला किंवा मंत्रालयात कळते. सोव्हिएत काळातल्या दरपत्रकांची हसून हसून चेष्टा करणाऱ्यांना हे दरपत्रक मात्र पवित्र वाटते.

यातला ढोंगीपणा आजचा नाही. घटना समितीत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी गोरक्षणाच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी आणि आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला या दोन मुस्लिम सदस्यांनी एकच साधी गोष्ट सांगितली होती. बहुसंख्याकांना हे धर्मासाठी हवे असेल तर तसे स्पष्ट म्हणा, आम्ही आड येणार नाही. पण त्याला अर्थशास्त्राचा मुलामा देऊ नका. मुलामा दिला गेला. ‘आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने’ शेती व पशुपालन असे शब्द घालून अठ्ठेचाळिसावे कलम आले. सत्तर वर्षे उलटून गेल्यावर हिशोब मागायचा तर तो अर्थशास्त्राच्याच भाषेत मागणे रास्त आहे.

आता थोडे आपल्या वाचकांना. मुक्त बाजार, मालमत्तेचा हक्क, मर्यादित सरकार हे शब्द आपल्यातल्या अनेकांना शेठजींचे वाटतात. आपल्या सभांमध्ये मागण्या कोणत्या असतात? आरक्षण, महामंडळ, शिष्यवृत्ती, योजना. त्या मागू नयेत असे मी म्हणत नाही. पण सच्चर समितीने २००६ मध्ये काय दाखवले होते? मुस्लिम कष्टकऱ्यांत स्वतःचा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि सरकारी नोकरीत ते फार कमी आहेत. ज्या समाजाचे पोट हातगाडी, गॅरेज, भंगार, यंत्रमाग, बेकरी, फळांचा गाळा आणि खाटकाचे दुकान यांवर चालते त्याला सरकारी मेहेरबानीपेक्षा जास्त गरज आहे ती परवान्याच्या सुटकेची, पोलिसाच्या हप्त्यातून सुटकेची आणि दुकान उद्याही जागेवर असेल या खात्रीची. लायसन्स राजचा मार टाटांना बसला असेल, पण ते तगले. तो मार आजही कत्तलखान्याच्या बाबतीत चालू आहे. कत्तल नगरपालिकेच्याच कत्तलखान्यात करायची, आणि कितीतरी तालुक्यांच्या गावी पालिकेचा धड कत्तलखानाच नाही. मग दुकानदार आपोआप बेकायदा ठरतो, आणि बेकायदा माणसाकडून हप्ता घेणे सोपे जाते. मदिनेत धान्य महागले तेव्हा लोकांनी भाव बांधून द्यायची विनंती केली आणि पैगंबरांनी नकार दिला, ही हदीस आपण मदरशात शिकतो आणि मदरशाबाहेर विसरतो.

मराठवाड्यातल्या अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचे किसानपुत्र आंदोलन कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा अशी मागणी वर्षानुवर्षे करत आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याआधी मालमत्तेच्या हक्काची भाषा गावोगाव नेली. ती भाषा आपल्या मोहल्ल्यात पोचली नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून ३००अ कलमात नेऊन बसवला तेव्हा पुरोगाम्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जमीनदार गेले. हक्क कमकुवत झाला तो गरिबाच्या पत्र्याच्या शेडचाही, हे दिसायला बुलडोझर यावा लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आठवड्याच्या अंतराने आले. ५ तारखेला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मालकांच्या प्रकरणात, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती धरता येणार नाही असे बहुमताने ठरवले. १३ तारखेला न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी आरोपीचे घर पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडता येणार नाही असा दंडक घातला. पहिल्या निकालावर अर्थविषयक पानांनी जल्लोष केला. दुसरा निकालही खासगी मालमत्तेचाच होता, पण तो ‘अल्पसंख्याकांच्या पानावर’ गेला. आणि खेदाची गोष्ट अशी की आपण पहिला वाचला नाही. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत मालवणात भंगाराचे दुकान आणि मार्चमध्ये नागपुरात घर पाडले गेले तेव्हा दोन्ही निकालांचे कातरण एकाच फायलीत असायला हवे होते.

पुन्हा बैलाकडे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी, न्या. अभय ओक आणि न्या. गुप्ते यांच्या खंडपीठाने, राज्याची कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम ५ड आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर टाकणारे कलम ९ब रद्द केले. त्या निकालाविरुद्ध अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या खटल्यांत खाणाऱ्यांनी बाजू मांडली, कापणाऱ्यांनी मांडली. विकणारा कुठे आहे? ज्या शेतकऱ्याच्या बैलाची किंमत कायद्याने शून्य केली तो त्या प्रकरणात मुख्य अर्जदार असायला हवा होता, १९(१)(ग) आणि ३००अ ही दोन कलमे हातात घेऊन. कातडी कमावणारे ढोर आणि चर्मकार समाजाचे कारागीरही हवे होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिला लागणाऱ्या कातड्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

मागणी दोन ओळींत मावते. गायीवरची बंदी १९७६ पासूनची आहे, ती राहू द्या. बैलाला १९७६ च्या कायद्यातला दाखला परत द्या, आणि ते करायचे नसेल तर प्रत्येक निकामी बैल राज्याने बाजारभावाने शेतकऱ्याच्या दारातून विकत घ्यावा, रोख पैसे देऊन, पावती देऊन. दोन्हीपैकी काहीही चालेल. २०२५ च्या संपानंतर शेतकरी संघटना आणि कुरेशी जमात एका टेबलाशी बसल्या होत्या. त्या टेबलावर या मागणीचा मसुदा ठेवून त्याखाली दोन्हीकडच्या सह्या घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.